फुलपुडीतलं पान एक्केचाळीस

दिवस बारावा.
पान एक्केचाळीस मिळत नाही.

दिवस पहिला. (मागे जातेय. नियम मोडून.)
नोव्हेंबर २००४. वाचनालयाच्या पायऱ्यांवर आम्ही तिघं: मंजुषा, ज्ञानेश आणि मी, संध्या. तीस दिवसांत प्रत्येकानं एक कादंबरी पुरी करायची. नियम मंजुषाचे. लिहिलेलं मागे वळून वाचायचं नाही. नाव सुचलं नाही तर खरं नाव लिहायचं, महिनाअखेरीस बदलायचं.
"नावासाठी अडलीस की संपलीस," ती म्हणाली.
"मधेच सोडेल त्यानं मिसळ खिलवायची," ज्ञानेश म्हणाला. "संध्या, मला दोन पाव जास्त."

दिवस नववा.
काही सुचेना. मग दीपमालाताईचं लिहिलं. ती सिन्नरहून, नवऱ्याकडून का परत आली, ते. आईला तिनं सांगितलं होतं, जिन्यावरून पडले. खरं फक्त मला. मी सगळं लिहिलं, नावासकट, पान एक्केचाळीसवर. पानं पिशवीत, पिशवी खाटेखाली.

दिवस बारावा, पुन्हा.
लक्ष्मीपूजन. आई रोज सकाळी गल्लीतल्या दारांना फुलपुड्या अडकवते. आज पुड्या दुप्पट.
"रद्दी सरली व्हती," ती म्हणाली. "तुझ्या खाटेखालची घेतली. लिवून भरलेलीच व्हती की."
आईला वाचता येत नाही.

मी दारोदार.
"पुडीचा कागद आहे का?"
"कागदच ना? मला वाटलं, फुलं परत मागतेस," कुसाबाई हसल्या.
चाळीस मिळालं. झेंडूचा डाग पडलेलं बेचाळीस मिळालं.
शेवटचं दार लताबाईंचं. "फेकला असेल गं. मी नाही वाचला." वाचलात का, असं मी विचारलंच नव्हतं. दार लावता लावता त्या म्हणाल्या, "ताई बरी आहे ना आता?"
ताई परतल्यापासून वर्षभरात पहिल्यांदा विचारलं.

घर. ताई तोरण ओवत होती. मी सांगून टाकलं. सुई थांबली.
"काय लिहिलंस? वाच."
"पान नाहीये."
"पाठ असेल."
होतं. उभ्यानंच म्हणाले, "त्याने दार लावलं आणि उजव्या हाताने तिचे केस..."
"डावखुरा आहे तो."
मी हातातलं बेचाळीस दुमडलं.
"नाव माझं घातलंस. हात कुठला, ते विचारावंसं वाटलं नाही?"
आतून आईचा आवाज. "कोन गं डावखुरा?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. दोऱ्याला गाठ मारली, अर्धं तोरण बाजूला ठेवलं.
"आई, बाहेर ये," ती म्हणाली. "लताबाईंनी सांगायच्या आत."
आई पदराला हात पुसत आली. "आता नको, पुड्या बांधायच्यात अजून."
"बस," ताई म्हणाली.
आई बसली.

दिवस तेरावा.
पान कोरं.