न घेतलेलं माप

फादर गेले त्या सकाळी त्यांची शवपेटी तयारच होती. सुतारदादांनी ती तीन महिने आधीच करून ठेवली होती, एकही खिळा न मारता, जीव ओतून.

चाळीस वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या फादरनी चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारशाळा काढली, आणि तिथे पहिला रंधा धरला तो सुतारदादांनी. आज गावातली निम्मी दारं-खिडक्या फादरच्या शिष्यांच्या हातची आहेत. त्यांची प्रवचनं कोणाला आठवत नाहीत, पण शाळेचा नियम कधी चर्चची पायरी न चढलेल्यांनाही पाठ आहे. एकाने मोजून आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा, मगच करवतीला हात लावायचा.

असे हे गुरू-शिष्य, पण अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. सुतारदादांची एकुलती एक लेक व्रत घेऊन चर्चची सिस्टर झाली, फादरनी तिला दूरच्या दवाखान्यात पाठवलं, आणि तिथेच ती तापाने गेली. "तुम्ही पाठवलंत तिला," एवढंच बोलून सुतारदादा बाहेर पडले ते पडलेच. फादरनी निरोपांवर निरोप धाडले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी सुतारदादांची गत. राग कधीच निवला होता, नुसता ताठा उरला होता.

शेवटचा निरोप फादरचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी आणला. "माझी पेटी करून ठेव म्हणालेत. माप घ्यायला बोलावलंय."

"त्यांचं माप काय घ्यायचं? सहा फूट दोन इंच. डोळे मिटून करीन."

मावशी दारात घुटमळल्या. "तरी एकदा या हो."

"बघू, हातात काम आहे."

आता चौघांनी फादरना अलगद पेटीत ठेवलं. पायांपाशी चांगली वीतभर जागा मोकळी राहिली होती. सुतारदादांना वाटलं, भलत्याच कोणाला तरी आणून ठेवलंय.

"पाठ पार वाकली होती त्यांची," मावशी म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"त्यांनीच बजावलं होतं." मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "म्हणाले, माप तू सांगितलंस तर तो येईल कशाला? न मोजता काम करणारा नाही तो. येईलच. रोज खुर्ची दाराकडे करून बसायचे."

कोणीतरी हळूच सुचवलं, की कापूस भरू, कोणाला कळणार नाही.

"मला कळेल," सुतारदादा म्हणाले. "बाहेर काढा त्यांना. पेटी कापतो मी."

त्यांना पुन्हा बाकावर ठेवल्यावर सुतारदादांनी खिशातून टेप काढली आणि गुडघे टेकले. एक टोक डोक्याशी धरलं, दुसरं टाचेपर्यंत नेलं. टाच गार होती. किती लहान झाला होता हा माणूस! अकरा वर्षं जात-येत राहिलो असतो, तर निदान त्याचं झिजणं डोळ्यांदेखत तरी झालं असतं.

"पाच फूट सहा," त्यांनी मोठ्याने सांगितलं.

आणि सवयीने, समोरून आकडा परत यायची वाट बघत ते तसेच बसून राहिले.