एका कपाची परीक्षा

माझे वडील लायसन्सच्या कचेरीत परीक्षक होते आणि त्यांनी मला गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास केलं. कचेरी लहान, परीक्षक एकच, त्यामुळे पोटच्या पोरीची परीक्षाही त्यांच्याच वाट्याला आली. तिसऱ्या वेळी त्यांनी कागदावर लिहिलं की गाडी काढण्याआधी आरशात पाहिलं नाही. मी पाहिलं होतं. एका औषध कंपनीतली माझी फिरतीची नोकरी त्या लायसन्सवर अडली होती, ती हातची गेली. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही आणि उभा जन्म एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवण्यात घालवला. तेव्हा आई गेल्यावर सहा वर्षं मी रोज दोन बस बदलून बाबांकडे जात होते, याचं उगाच कौतुक करू नका.

पहिली बस साडेपाचची. कामावर जायच्या आधी त्यांचं दूध तापवायचं, गोळ्या काढून द्यायच्या, कालचे कपडे वाळत घालायचे. त्यावर ते म्हणायचे, चिमटे नीट लावत जा. दादा लांब राहतो. तो रविवारी दहा मिनिटं फोन करायचा आणि बाबा आठवडाभर त्याचे गोडवे गायचे. मी मेली रोज समोर असायची, तिचं कसलं अप्रूप.

गेल्या थंडीत बाबांनी दूध गॅसवर ठेवलं आणि पेपर वाचत बसले. दूध उतू गेलं, भांडं जळून कोळसा झालं, खिडकीच्या पडद्याने पेट घेतला. शेजारीण बादली घेऊन धावली म्हणून निभावलं. मी त्याच आठवड्यात एक वृद्धाश्रम शोधला. तिथे तीन आठवड्यांनी, सोमवारी, एक खाट रिकामी होणार होती, आणि आपण गेलो नाही तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. बाबा म्हणाले, या घरातून मी आडवाच बाहेर पडेन. दादा फोनवर विरघळला. त्याला विरघळायला काय जातंय?

तडजोड त्यानेच काढली. गॅस काढून टाकायचा, दोन वेळचा डबा बाहेरून लावायचा आणि सकाळच्या कॉफीसाठी एक छोटं यंत्र आणायचं. बाबांना ते एकट्याने नीट चालवता आलं तर त्यांनी घरी राहायचं आणि मी आठवड्यातून एकदा डोकावायचं. नाही आलं तर त्या सोमवारी आश्रम. बाबांनी ताबडतोब मान्य केलं. त्यात परीक्षा होती ना!

आठवड्यातून एकदा असं दादा म्हणाला खरा. पण पडदा पेटवणाऱ्या माणसाला एकटं सोडून मी सहा दिवस घरी बसेन, हे त्याला तरी पटलं असेल का? साडेपाचची बस काही सुटणार नव्हती.

यंत्र दादाने पाठवलं. प्रवासात बॅगेत टाकून नेता येईल एवढंच, एका वेळी एकच कप देणारं. मागे पाण्याची टाकी, वर झाकण, झाकणाखाली कॉफीची तयार कॅप्सूल ठेवायची. लाल दिवा हिरवा झाला की बटण दाबायचं. कॉफी झाली की ते आपणच बंद होतं. कोणी म्हणेल, पोरखेळ. पण बाबांची बोटं थरथरायची आणि कालचं आज अनेकदा आठवायचं नाही, म्हणून ते आठवडाभर त्या यंत्रासमोर ठाण मांडून बसले.

शनिवारी त्यांनी पट्टी घेऊन तपासणीचा कागद आखला. अकरा कृती, अकरा चौकोन. पहिलाच चौकोन पाण्याचा, आणि त्याच्यापुढे लाल शाईने टीप: टाकीतलं पाणी न पाहता यंत्र सुरू केल्यास थेट नापास. हा नियम त्यांनी स्वतःच घातला होता. जळलेल्या भांड्याची त्यांना खरोखर लाज वाटत होती. मग मला समोर बसवून परीक्षकाचं काम शिकवलं. मध्ये बोलायचं नाही. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. खूण त्याच क्षणी करायची. निकाल लिहिला की लिहिला, तो बदलत नाही.

"उमेदवार हुज्जत घालतो. ऐकायचं नाही," असं त्यांनी मला बजावलं. मी बरं म्हटलं.

रविवारी मी पोचले तेव्हा ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात उभे होते. पायात बूट, तेही नाड्या बांधून. मी स्टुलावर बसले आणि मांडीवर त्यांचीच जुनी लाकडी पाटी घेतली, जिला चिमट्याने कागद लावायचा. त्यांच्या पद्धतीत उमेदवाराने प्रत्येक कृती मोठ्याने सांगायची असते. त्यांनी टाकी काढली, दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरली. पाणी खुणेपर्यंत होतं.

"पाणी पाहिलं," ते म्हणाले.

टाकी बसवली, कॅप्सूल ठेवली, झाकण लावलं. झाकणाशी बोटं घसरली, पण त्यांनी डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरला आणि खटका बसवलाच. कप ठेवला. बटण दाबण्याआधी त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, फ्रिजकडून काही येत नाही ना याची खात्री केली. मला हसू आवरेना, मी ओठ चावला. दिवा हिरवा झाला, बटण दाबलं, आणि ते हात मागे बांधून उभे राहिले. कॉफी झाली, यंत्र थांबलं, त्यांनी प्लग काढला. ओट्यावर थेंब सांडला नव्हता. त्यांनी जन्मभरात तपासलेल्या उमेदवारांत इतका चोख क्वचितच कोणी असेल.

पेन माझ्या हातात होतं. मला सोमवारची बस दिसली, मंगळवारची दिसली. बाबांचं हृदय ठणठणीत आहे असं डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात सांगितलं होतं, तेही आठवलं. मला यायचं नव्हतं. एवढंच असतं तरी मी कदाचित आले असते, पण मला एकदा तरी त्या कागदावर लिहायचं होतं. मी पाण्याच्या चौकोनात फुली मारली आणि खाली नापास लिहिलं.

त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, बोट ठेवून वाचला.

"इथे फुली आहे."

"हो."

"मी पाणी पाहिलं, अगं. मोठ्याने म्हणालो."

"नाही बाबा. तुम्ही थेट कॅप्सूल घातली."

"टाकीत पाणी तर होतं."

"ते मी आल्या आल्या भरलं होतं. तुम्ही टाकी कोरडीच ठेवली होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी डोळ्याला डोळा भिडवला. चेहरा कोरा ठेवायचं कालच शिकले होते. त्यांनी आरडाओरडा केला असता, मला खोटारडी म्हटलं असतं, तर मी कागद फाडला असता असं मला आज वाटतं. पण निकाल लागला होता आणि त्यावर हुज्जत घालणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते खुर्चीवर बसले आणि डोक्यात ती टाकी शोधू लागले. ते शोधणं मला चांगलं ठाऊक आहे. त्या आरशासाठी मी ते कित्येक वर्षं केलं, आणि शेवटी मलाच वाटायला लागलं की नसेलही पाहिलं. मला वर्षं लागली. त्यांचं काम पाच मिनिटांत झालं.

मग त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, तू लांबून आली आहेस, एकच कप होतो, तूच घे. मी घेतली. कॉफी उत्तम झाली होती. दादाला फोन केला तेव्हा त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? मी त्याला कागदाचा फोटो पाठवला. बाबांच्या हातची चौकट आणि लाल टीप पाहून त्याचंही समाधान झालं.

सोमवारी आश्रमातल्या डॉक्टरबाईंनी मला बाहेर जायला सांगितलं नाही, पण खुर्ची मागे सरकवायला लावली. त्या बाबांना म्हणाल्या की इथे कोणालाही मनाविरुद्ध ठेवत नाहीत, तुम्ही नुसतं नाही म्हणालात तर मी सही करणार नाही, मग तुमच्या मुलांचं काहीही म्हणणं असो. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या एका शब्दाने खोटं उघडं पडलं नसतं, पण बाबा घरी गेले असते.

बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर सरळ करून ठेवला.

"मला अजून दिसतंय की मी टाकी उजेडात धरली," ते म्हणाले. "पाणीसुद्धा दिसतंय. आणि यातलं काही मी केलंच नव्हतं. बघा, किती पुढे गेलंय हे."

बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, हा कोणी भरला? माझ्या मुलीने, बाबा म्हणाले, अगदी नियमाप्रमाणे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी अर्ज पुढे केला आणि बाबांनी डाव्या हाताने उजवा धरून सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

बाई शिक्का आणायला आत गेल्या तेव्हा बाबांनी हात मागे करून माझा हात शोधला.

"तू होतीस म्हणून कळलं," ते म्हणाले. "नाहीतर मी स्वतःवर विश्वास ठेवून बसलो असतो."