दोन इंच सैल

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुना म्हणजे किती, असं विचाराल तर सातच वर्षांचा. माणसाचं मूल या वयात दुधाचे दात पाडत असतं, पण आमच्या जातीत सात वर्षं म्हणजे पिकलं पान. शिलाई मशीनच्या उजव्या खणात, बटणांचा डबा आणि एक बोथट कात्री यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि पोट थोडं फुगलं आहे. मोबाइलचं पोट फुगलं की समजावं, आता याचे फार दिवस राहिले नाहीत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. नंतर काही दिवस मी दुकानाच्या काचेआड, दिव्यांच्या झगमगाटात उभा होतो. येणारे-जाणारे मला हातात घेत, माझा कॅमेरा वाखाणत. तेव्हा मला 'ग'ची बाधा झाली होती, हे कबूल करतो. मला वाटायचं, आपण एखाद्या बड्या साहेबाच्या खिशात जाणार. गेलो एका शिंप्याच्या टेबलावर.

सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. खिडकीपाशी कापायचं टेबल, समोर शिलाई मशीन, आणि मशीनवर मास्तरांची बायको. गिऱ्हाइकं त्यांना काकू म्हणत. मास्तर माप घ्यायचे आणि कापायचे, काकू शिवायच्या. चाळीस वर्षांत ही वाटणी कधी बदलली नाही.

मला आणलं त्यांच्या मुलीनं. ती तीस वर्षांची आहे, नोकरी करते, पण मास्तरांसाठी ती छोटीच. मास्तरांची नजर अधू झाली होती. मापांच्या वह्यांमध्ये तीनाचा आठ आणि एकाचा सात होऊ लागला होता. छोटी म्हणाली, "बाबा, लिहूच नका. माप घेता घेता नुसतं बोला, हा ऐकून ठेवेल."

मास्तरांनी आधी नाक मुरडलं. पण चार दिवसांतच त्यांना माझी इतकी सवय झाली, की टेप गळ्यात आणि मी खिशात, असा त्यांचा अवतार ठरून गेला. "उंची चाळीस. खांदा साडेचौदा. बाई, श्वास सोडा, पोट आत घेऊन माप देऊ नका, नंतर मलाच शिव्या द्याल." हे सगळं मी जपून ठेवत असे. त्यांचं खोकणं, कात्रीची करकर, मागून येणारा काकूंच्या मशीनचा आवाज, सगळं. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एके दिवशी छोटीनं कपाटातल्या जुन्या वह्या रद्दीत घातल्या. चांगल्या बत्तीस वह्या होत्या. "आता फोन आहे ना," ती म्हणाली. मास्तर वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले.

त्याच दिवशी मला कुलूप लागलं. मास्तरांच्या बोटाचा ठसा माझ्यावर काही केल्या उमटेना. सुई आणि इस्त्रीनं त्या बोटांच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. म्हणून छोटीनं सहा आकड्यांची किल्ली ठेवायला सांगितली.

"आणि बाबा, हे सगळं इंटरनेटवरही साठवू का? फोन हरवला तरी परत मिळेल."

"कुणाच्या घरी ठेवणार?"

"घर नाही हो. तिकडे मोठमोठी यंत्रं असतात."

"म्हणजे परक्याच्याच घरी. बायकामाणसांची मापं आहेत ही, छोटे. माझ्या दुकानाबाहेर जायची नाहीत."

"बरं. मग दहा वेळा आकडे चुकले, तर फोन सगळं पुसून टाकेल, असं करते. चालेल?"

"पळेल," मास्तर म्हणाले, आणि आकडे टाकायला पाठ फिरवून बसले.

ते आकडे मी ऐकले आहेत. मला उघडताना दर वेळी ते ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे. एकवीस, बावीस, नऊ; नऊच्या आधी न बोलता एक शून्य दाबायचे. छोटी चार वर्षांची असताना शाळेत जायला त्यांनी तिला पहिला फ्रॉक शिवला, त्यासाठी घेतलेलं हे माप. लांबी एकवीस, छाती बावीस, खांदा नऊ. मास्तरांना कुणाचा वाढदिवस म्हणून लक्षात राहत नसे. स्वतःच्या लग्नाची तारीख ते काकूंना विचारायचे आणि बोलणी खायचे. पण एकदा टेप लावलेलं माणूस ते जन्मभर विसरत नसत.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांनी माझ्यात शेवटचं माप बोलून ठेवलं. काकू पाठमोऱ्या मशीनवर बसल्या होत्या. मास्तर मला तोंडाशी धरून हळूच म्हणाले, "हिचा कोट. टेप लावला तर नको म्हणेल, म्हणून नजरेनंच घेतोय. खांदा पंधरा. डावा अर्धा इंच खाली आलाय. मशीन चालवून चालवून उतरला. आतून गादी द्यायची, तिला कळू द्यायचं नाही. वरच्या फळीवरचं हिरवं कापड हिचंच." मग थोडं थांबून म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले बाईनं, आणि स्वतः त्याच स्वेटरवर."

चार दिवसांनी ते इस्पितळात गेले आणि परत आले नाहीत. मी टेबलावर खडूशेजारी पडून होतो.

तेरा-चौदा दिवसांनी काकूंनी मला उचललं. "यात ह्यांचा आवाज आहे," त्या छोटीला म्हणाल्या. "कुणाचंही माप चालेल. मला फक्त ऐकायचंय."

छोटीनं स्वतःची जन्मतारीख टाकली. चुकली. आई-बाबांच्या लग्नाची तारीख, दुकान उघडलं ती तारीख, घरच्या जुन्या फोनचा नंबर. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "कुलूप तोडून देतो ताई, पण तोडलं तर आत काही उरणार नाही." घरी येऊन रडत रडत तिनं आणखी चार वेळा आकडे टाकले. आठ झाले. माझं काम मी चोख केलं. तेच काम मला मास्तरांनी दिलं होतं, आणि त्यांच्याच माणसांना मी दाराबाहेर उभं करत होतो. मित्रांनो, असं इमान राखण्यापेक्षा विकत घेतल्या दिवशीच हातातून पडून फुटलो असतो तर बरं झालं असतं.

मग एका दुपारी काकूंचा हात मशीनवरच थांबला. "छोटे, ते उघडताना काहीतरी पुटपुटायचे बघ. मशीनच्या आवाजात मला नीट ऐकू यायचं नाही. पण शेवट नऊवर व्हायचा. तीन आकडे, माप बोलल्यासारखे. खांदा नऊ म्हणजे लहान मूल. शाळेचा तुझा पहिला फ्रॉक तर नव्हे?"

छोटी म्हणाली, "वह्या," आणि तोंडावर हात ठेवून खालीच बसली.

काकूंनी ट्रंक उघडली. तळाशी, जुन्या चादरीत, तो फ्रॉक होता. निळा, बाह्यांना पांढरी पट्टी. छोटीनं घाईघाईनं टेप लावला. लांबी तेवीस. छाती चोवीस. खांदा नऊ.

"नऊ," ती म्हणाली. नऊआधी शून्य धरून तिनं सहा आकडे टाकले. मी थरथरलो, म्हणजे नाही म्हणालो, आणि माझ्या काचेवर अक्षरं आली: आता एकच प्रयत्न शिल्लक.

काकूंनी फ्रॉक मांडीवर घेतला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. "अगं, हे कापडाचं माप झालं. किल्ली अंगाच्या मापाची असणार. तू वाढत्या अंगाची, म्हणून कापताना ते सैल सोडायचे."

"किती सोडायचे?"

काकूंनी फ्रॉक उलटा करून पाहिला.

"ते कापायचे, मी शिवायचे," त्या म्हणाल्या. "किती सोडलं, ते मी कधी विचारलंच नाही."

दीड असेल, दोन असेल, तीनही असेल. लांबीला एक आणि छातीला दुसरंच असेल. छोटी बोट पुढे नेई आणि मागे घेई. शेवटी काकूंनीच मला तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे. चुकलं तर तेवढेही जातील. निदान आत आहेत, एवढं तरी राहू दे."

तेव्हापासून मी या खणात आहे. आठवड्याच्या सुट्टीला काकू मला बाहेर काढतात, वायर लावतात, काच पदरानं पुसतात आणि आकड्यांच्या खिडकीकडे बघत बसतात. माझं पोट मात्र दर महिन्याला थोडं जास्त फुगतं. एके दिवशी वायर लावूनही मी उठणार नाही.

मित्रांनो, मी कुलूप आहे. आतलं सगळं मला ठाऊक असतं, आणि त्यातला एक शब्दही मला उच्चारता येत नाही. तुम्हांला येतो. तुमच्या घरातही कुणीतरी रोज काम करताना काही पुटपुटत असेल, मापानं किंवा चिमटीनं काही सोडत असेल. आजच त्याच्याजवळ जा आणि विचारा, किती सोडता, का सोडता. आणि नवं यंत्र घरात आलं म्हणून जुन्या वह्या लगेच रद्दीत घालू नका. आम्ही जपून ठेवतो खरं, पण परत द्यायला आम्हांला मन नाही.

आज सकाळीच एक बाई कपडे न्यायला आल्या होत्या. काकूंनी वरच्या फळीवरचं हिरवं कापड खाली काढलं. कुणीतरी शिवायला टाकून विसरलं असणार, अशी त्यांची समजूत आहे. येईल त्या प्रत्येकाला त्या विचारतात.

"हे तुमचं का हो?"

"नाही काकू. छान आहे पण. उबदार."

"असेल कुणाचं तरी. येतील न्यायला," काकू म्हणाल्या. त्यांनी कापडाची घडी नीट घातली, परत वर ठेवली, आणि जुना स्वेटर ओढून घेत त्या मशीनवर बसल्या. डावा खांदा अर्धा इंच खाली.