केसाएवढीही फट नाही

माशाला 'आजोबा' हे नाव आमच्या लेकीनं ठेवलं. डायनासोरच्याही आधीची जात म्हणे, म्हणून आजोबा. अंग सापासारखं, पाठीवर करवतीचे दाते. सोबतीला सोडलेले चार छोटे मासे त्यानं पहिल्याच दिवशी गट्टम केले. "कसला आजोबा, दरोडेखोर आहे!" असं मी म्हणायचो आणि ती फुरंगटायची. टाकी मात्र मीच करून दिली होती. तीस वर्षं काचा बसवतोय. माझ्या खिडकीत केसाएवढी फट सापडली तर मिशी उतरवीन, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.

लेक तापानं गेली. चार दिवसांत. तेव्हापासून बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडण नव्हतं, तिचे शब्दच आटले होते. बोलायची ती फक्त टाकीशी. चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून म्हणायची, "खा रे आजोबा, तिनं विचारलं तर काय सांगू?" मी दाराआडून ऐकायचो. खोटं कशाला बोलू, माशाचा हेवा वाटायचा.

एका दुपारी आजोबा वरची जाळी सरकवून फरशीवर पडलेला सापडला. बायकोनं ओल्या फडक्यात उचलून त्याला पाण्यात सोडलं. तो जगला, पण ती टाकीपासून हलेना. तो गेला तर ही कायमची मुकी होईल, या धास्तीनं मी लगेच काचेचं झाकण कापलं. अगदी चपखल. पंपाच्या वायरीभोवतीची फटही सिलिकॉननं बुजवली. लेक पाणी चार बोटं कमी ठेवायची आणि मासा सारखा वर धडपडायचा. त्याला पाणी पुरत नसेल, असं वाटून मी टाकी काठोकाठ भरली.

सकाळी आजोबा काचेखाली उलटा पडला होता.

मी तडक शोभेचे मासे विकणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, ही जात वर येऊन हवा घेते. वर मोकळी जागा ठेवायची असते. नाहीतर बुडून मरतो." मासा, आणि बुडून! भर रस्त्यात मी एका पायरीवर बसून ढसाढसा रडलो.

घरी आलो तर बायको टाकीपाशी होती. झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत ती पाच महिन्यांनी माझ्याशी बोलली.

"वय झालं असेल हो त्याचं. तुम्ही काय कमी केलंत? किती छान बसवलीत काच."

खरं सांगायला मी तोंड उघडलं.

"सकाळपासून काही खाल्लंत का?" तिनं विचारलं.

"नाही," एवढंच म्हणालो.