आईच्या हाती न पोचलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा कापडी पट्टा आहे. पांढरा म्हणायचे ते सवयीने. कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि मधोमध तेलाचा डाग आहे. माझ्यासारख्याने आपली कहाणी सांगावी का, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. पण माझे एक काम राहून गेले आहे आणि माझ्या फादरांची शुद्ध आता येते-जाते. म्हणून बोलतो.

मला फादरांच्या आईने बेतले. ती दवाखान्याच्या उशांचे अभ्रे शिवत असे. धाकटा मुलगा धर्मगुरू होणार म्हणून माझे काठ तिने मशीनवर न घालता हाताने शिवले. थोरल्या मुलीने, म्हणजे फादरांच्या ताईने, चेष्टा केली, की माझ्या लग्नाच्या कपड्यांनाही इतके बारीक टाके पडले नव्हते. आई सुईवरून नजर न काढता म्हणाली, "तू सासरहून येतेस-जातेस. ह्याला मी सगळ्यांनाच देऊन टाकतेय."

दीक्षेच्या दिवशी बिशपांनी त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावले आणि ते हात मला गुंडाळून बांधले. माझे पुढचे काम तेव्हाच ठरले. जुनी रीत अशी, की हा पट्टा धर्मगुरूच्या आईला द्यायचा आणि ती गेली की तिच्या हातात ठेवून तिला निरोप द्यायचा. देवाने विचारले, काय आणलेस, तर तिने मला पुढे करायचे: मुलगा दिला.

मी आईच्या कपाटात राहू लागलो. आल्यागेल्याला ती मला दाखवी. एकटी असली की वास घेई.

मग एकदा तो घरी आला, तो पार वाळून. जेवता जेवता हात थांबला. "आई, लोक रडत येतात. मी त्यांना देवाचं सांगतो. मला स्वतःला मात्र काही ऐकू येत नाही. मी चुकून या वाटेला आलो का गं?"

आईने आधी त्याला पोटभर वाढले. मग मला काढून त्याच्या हातात दिले. "हा तुझ्याजवळ ठेव. मी जाईन तेव्हा घेऊन ये आणि तूच माझ्या हातात ठेव."

ताई म्हणाली, हा वेंधळा, हरवून बसेल. आई म्हणाली, "हरवू दे. शोधता शोधता देव तरी सापडेल."

तेव्हापासून मी त्यांच्या पिशवीत, मरणाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाच्या बाटलीशेजारी. त्यांच्याबरोबर किती खाटांपाशी गेलो! जन्मात चर्चची पायरी न चढलेली माणसेही शेवटी हात पुढे करतात. काय धरायचे ते त्यांना कळत नाही, पण धरायचे असते. फादर म्हणत, ही भूक देवानेच पेरली आहे. आपण ताट घेऊन जायचे, बस.

एका सकाळी आई गेल्याचा निरोप आला. दफन दुपारी होते. फादरांनी मला सदऱ्याच्या खिशात घातले आणि बसथांबा गाठला. एक पाय बसच्या पायरीवर असताना घड्याळजीची सून धावत आली. सासरे चाललेत, फादरांनाच बोलवा म्हणतात.

हा घड्याळजी म्हणजे देवाचा जुना वैरी. फादर दुकानावरून गेले की म्हणायचा, तुमच्या देवाचं घड्याळ मागं पडतंय, आणा एकदा दुरुस्तीला.

फादरांनी खिशावर हात दाबून धरला. मग पाय खाली घेतला. बस गेली.

"देवासाठी नाही बोलावलं," घड्याळजी म्हणाला. "एकट्याला भीती वाटते."

"चालेल. मी बसतो."

चाचपडताना त्याच्या बोटांत मी आलो. त्याने मला खिशातून ओढून घट्ट धरले. आई गेल्याचे फादर बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने घड्याळजी पुटपुटला, "ते तुमचं तेल... लावा." फादरांनी पिशवीतली बाटली काढून लावले. तो गेल्यावर त्याची बोटे एकेक करून सोडवावी लागली.

आम्ही दफनभूमीत पोचलो तेव्हा माती सारखी करून झाली होती. ताई एकटीच उभी होती.

"पेटीचं झाकण लावू देत नव्हते मी," ती म्हणाली. "शेवटी लोक ऐकेनात. रिकाम्या हातांनी गेली रे."

फादरांनी सगळे सांगितले. ताईने मला हातात घेतले, चुरगळलेल्या घड्या पाहिल्या. "म्हणजे परक्याने धरला आणि आईला नाही मिळाला." मग मला त्यांच्याच खिशात परत कोंबले आणि पाठ फिरवली. फादर तिथेच मातीत बसले.

त्यांनी बरोबर केले की चूक? मला सांगता येणार नाही. वाट चुकली का, असे त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. बरोबर आलो, असेही कधी म्हणाले नाहीत. खाटांपाशी मात्र जात राहिले.

आता ते वृद्ध धर्मगुरूंच्या घरात खाटेवर आहेत. त्यांचा हात उशाशी काहीतरी शोधत असतो. मी तिथे नाही. खोली झाडणाऱ्या बाईंनी मला धुतले आणि पुसण्याच्या फडक्यांत ठेवले आहे. त्यांचा दोष नाही; ही रीत आता कुणाला ठाऊक असते?

मित्रांनो, जुने कापड फाडण्याआधी ते कुणाच्या हाताला लागले होते, एवढे विचारत जा. आणि साऱ्यांच्या आयांना निरोप देणाऱ्या माणसाला कधीतरी त्याच्या आईविषयी विचारा.

फादर गेले की कुणीतरी मला त्यांच्या हातात ठेवा. रीत तशी नाही, मला कळते. पण तिकडे आई हात उघडे ठेवून बसली असेल, आणि मला नेऊन द्यायला दुसरे कुणी नाही.