पायाखाली बाबा

देवीचे दिवस आले की मी माझ्या बाबांना रोज मारते. एकदा नाही, जितके खेळ तितक्यांदा. छातीवर पाय, बरगडीला त्रिशूळ, आणि आई पडद्यामागून माइकवर ओरडते, "आणि तो मातलेला दैत्य भुईवर कोसळला!" लोक टाळ्या वाजवतात. बाबा मेल्या मेल्या दातांतल्या दातांत म्हणतात, "टाच उचल, टाच."

आमचा संच म्हणजे आम्ही तिघंच. आधी देवी आई व्हायची. तिचा गुडघा गेला आणि मी झाले. शाळा मी सोडलीच होती, म्हणजे रिकामीच आहे, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. देवीचे दोन हात माझे, बाकीचे सहा पुठ्ठ्याचे. ते एका प्लायवूडच्या फळीला ठोकलेत आणि फळी पट्ट्यांनी पाठीला बांधायची. दप्तर सुटलं आणि हे मागे लागलं. तासाभराने खांदे असे भरून येतात की खरे हात पण पुठ्ठ्याचे वाटायला लागतात.

तरी बाबांचं काम वाईट. वेताच्या सांगाड्यावर काळं कापड, पुढे शिंगांचं मुंडकं, तो रेडा. त्याच्या आत बाबा कंबरेतून दुमडून स्टेजभर पळतात. मी तलवारीने मुंडकं उडवलं की त्या मानेच्या भोकातून माणूस बनून बाहेर यायचं. कथाच तशी आहे. महिषासुराला वर होता की कुठल्या पुरुषाच्या हातून मरण नाही. बाईचं नाव त्याने यादीत घातलंच नाही, कारण बाई काय करणार, असं त्याला वाटलं. मग सगळ्या देवांच्या तेजातून देवी झाली आणि हा पळत सुटला. रेडा झाला, सिंह झाला, माणूस झाला, हत्ती झाला, पुन्हा रेडा झाला. बाबा सकाळभर गोडाऊनमध्ये पोती उचलून तसेच इकडे येतात, अंगावर पिठाचा वास घेऊन, आणि हे सगळं होतात.

खेळाआधी मी बाबांच्या पाया पडते. आमच्यात तसं आहे. देवी आधी दैत्याच्या पाया पडते आणि मगच त्याच्यावर पाय ठेवते. कारण मरताना त्याने मागितलं होतं, "माते, मला तुझ्या पायाशी ठेव." तिने ठेवलं. म्हणून देवीच्या पायावर वाहिलेलं फूल त्यालाही पोचतं, असं आई सांगते. बाबांचं सबंध खेळात हे मागणं एवढं एकच वाक्य. ते वाक्य झालं की देवी हात वर करते आणि पडदा पडतो.

त्या दिवशी दुपारच्या खेळाला बाबा मानेच्या भोकात अडकले. एक खांदा बाहेर, एक आत. मी तलवार उगारून उभी, आणि रेड्याच्या गळ्यातून बाबांचं अर्धं तोंड म्हणतंय, "थांब, थांब, शर्ट अडकलाय." हॉल फुटला हसून.

खेळ संपल्या संपल्या मॅनेजर आत आला. हॉल त्याच्या ताब्यात, खेळ तोच ठरवतो. बरोबर एक पोरगा, मानेपेक्षा दंड जाड. मी मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं. डंबेल.

"हा आमच्या मिसेसचा भाचा," मॅनेजर म्हणाला. "अंग बघा. याला म्हणतात दैत्य."

डंबेलने दंड फुगवला. कुणी सांगितलं नव्हतं.

"साहेब, शर्ट अडकला," बाबा म्हणाले. "परत नाही होणार."

"काल शिंग पडलं, आज शर्ट. लोक देवीला हात जोडायला येतात, हसायला नाही. संध्याकाळच्या खेळात एवढंसं जरी चुकलं, तर उद्यापासून हा."

"तुमचं स्टेज हलतं त्याचं काय?" मी म्हटलं. आईने चिमटा काढला. मी आणखी मोठ्याने म्हटलं, "हलतंच!"

"देवी फार तापट आहे बुवा," मॅनेजर हसत म्हणाला आणि गेला. डंबेल जाताना रेड्याच्या मुंडक्यात डोकं घालून बघून गेला. त्याला ते बसलं नाही, तेवढंच बरं वाटलं.

बाबा स्टुलावर बसून चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून आत पडलं, तरी नुसता हात कपावर धरून बसले.

"अहो, येऊ दे ना त्याला," आई म्हणाली. "तुमच्या पाठीची काय दशा झालीये."

"आणि मी काय करू? घरी बसून भिंती बघू?"

"गोडाऊनला एक दिवस जाऊ नका. झोपा."

"मग पोती कोण उचलणार? तुझा बाप?"

"माझ्या बापाला मध्ये आणू नका. तो तुमच्यापेक्षा बरा झोपतो."

"दहा वर्षांपूर्वी वारले ते."

"तेच म्हणते मी."

बाबा हसले नाहीत. मला म्हणाले, "वर तू उभी असतेस. पाठीवर एवढं ओझं. तोल गेला तर मला खालून कळतं, मी अंग तसं सरकवतो. त्याला काय कळणार? तो दंड फुगवत बसेल." मग कप बाजूला ठेवला. "वर्षभर मी हमाल. हे काही दिवस लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवतात. मरतो म्हणून वाजवतात, पण वाजवतात ना."

मी पट्ट्याच्या बकलावर राग काढला. खरं तर माझं डोकं वेगळ्याच कारणाने फिरलं होतं. उद्यापासून त्या डंबेलच्या पाया पडायचं? जमणार नाही. आणि पाया न पडता कुणावर पाय ठेवायचा, तेही मला जमणार नव्हतं.

संध्याकाळचा खेळ सुरू झाला. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत मॅनेजर, शेजारी डंबेल, हाताची घडी घालून. मी पाया पडले तेव्हा बाबांचे पाय गरम लागले. पण रेडा मस्त पळाला. मुंडकं उडालं, बाबा भोकातून एका दमात बाहेर आले, तलवारीला तलवार भिडली. मी ढकललं, ते पडले, छातीवर पाय, बरगडीला त्रिशूळ. टाळ्या. मी मनात म्हटलं, सुटलो.

"आणि मरता मरता," आई माइकवर म्हणाली, "दैत्याने देवीकडे एक मागणं मागितलं."

बाबा गप्प.

"एक मागणं मागितलं!" आई पुन्हा म्हणाली.

मी खाली बघितलं. पायाखालच्या बरगड्या आधी भात्यासारख्या चालल्या होत्या, आता सावकाश वर, सावकाश खाली. तोंड थोडं उघडं. मिशीचा गम सुटून मिशी गालावर आलेली. बाबा झोपले होते.

 उठवावं तर बाबांची एक खोड आहे, झोपेतून हलवलं की "गाडी आली?" म्हणून ताडकन उभेच राहतात. गोडाऊनची सवय. इथे उभे राहिले असते तर मी सहा हातांसकट पहिल्या रांगेत, मॅनेजरच्या मांडीवर. तरी मी अंगठ्याने हळूच टोचलं. बाबा कुशीवर वळले आणि माझा घोटा उशीसारखा कवटाळून धरला.

पडद्याच्या फटीतून आईचा एक डोळा दिसला. तो डोळा मोठा झाला, मग बारीक झाला.

"तर मंडळी," आई म्हणाली, "ते मागणं सांगण्याआधी, देवीला ही शस्त्रं कुणी दिली तेही ऐका."

आणि तिने लावलं सांगायला. शंकराने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र आणि हत्तीच्या गळ्यातली घंटा, वायूने धनुष्य, हिमालयाने सिंह, समुद्राने कधी न मळणारी वस्त्रं. "कधी न मळणारी," असं तिने दोनदा म्हटलं, कारण आमची दोन दिवसांत मळतात. मग बांगड्या आल्या, कुंडलं आली. माझे खांदे पेटले होते. त्रिशूळ म्हणजे पाण्याचा पाइप, त्याचं टोक थरथरायला लागलं. मॅनेजर घड्याळ बघत होता. डंबेल त्याच्या कानात काहीतरी सांगून हसला.

मग बाबा घोरले. छोटंसंच, पण घोरलेच.

"मम्मी, राक्षस झोपला!" पुढचं एक पोरगं ओरडलं. मागे खसखस पिकली. मॅनेजर उठून उभा राहिला.

पडद्यामागे माइक खरखरला. आईचा आवाज बदलला. कथा सांगतानाचा तिचा तो चढा आवाज गेला आणि घरी जेवायला बोलावते तो आला.

"दैत्य म्हणाला, माते, मी दमलो. रेडा झालो, सिंह झालो, हत्ती झालो, माणूस झालो. जगायला रोज नवं रूप घ्यावं लागलं. आता अंगात त्राण नाही. मला स्वर्ग नको. तुझ्या पायाशी थोडं निजू दे."

हे कथेत कुठेच नाही. मी इतक्यांदा ऐकलीय, कुठेच नाही.

"देवीने खाली बघितलं," आई म्हणाली. मी बघतच होते. "देवीचा राग उतरला. तिने त्रिशूळ बाजूला ठेवला." मला उशिरा कळलं की हे मला आहे. मी हळूहळू वाकले, पुठ्ठ्याचे हात करकरले, आणि पाइप बाबांच्या शेजारी ठेवला. वाकलेच होते म्हणून मिशी पण सरळ केली.

"आणि ती म्हणाली, नीज."

 मधल्या रांगेतल्या एका म्हातारीने हात जोडले, तिचं बघून शेजारणीने जोडले. बाबा पुन्हा घोरले. आता कुणी हसलं नाही. पडदा पडला.

मॅनेजर आत आला तेव्हा बाबा माझा घोटा धरून तसेच होते. मी त्याला काय काय ऐकवायचं ते ठरवूनच ठेवलं होतं.

"हे कुठून काढलंत?" त्याने आईला विचारलं.

"आमच्याकडे असंच सांगतात," आई म्हणाली. खोटं बोलताना ती नजर चुकवून पदर सारखा करत बसत नाही. सरळ डोळ्यांत बघते.

"मग आधी का नाही केलंत? बायका डोळे पुसत होत्या! उद्यापासून असंच हवं. फक्त घोरणं जरा मोठं ठेवा, मागच्या खुर्च्यांना ऐकू जात नाही."

"काका, मी पण घोरू शकतो," डंबेल म्हणाला.

"तू गप. तुझ्याकडे बघून कुणाला वाटणार आहे की दमलाय?"

ते गेल्यावर आईने बाबांच्या खांद्याला हात लावला. "गाडी आली?" म्हणत बाबा उभे राहिले, मी पडता पडता पडद्याला धरलं. आईने सगळं सांगितलं. बाबा मुंडकं मांडीवर घेऊन ऐकत राहिले.

"म्हणजे मी चुकलोच ना?"

"चुकलात."

"आणि तरी मला ठेवलं?"

"ठेवलं."

बाबांनी रेड्याच्या कपाळावरची धूळ हाताने पुसली आणि बराच वेळ पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी गोडाऊन होतंच. दुपारी बाबा आले, रेडा झाले, भोकातून निघाले, पडले, कुशीवर वळून त्यांनी माझा घोटा धरला. आईने कालचंच सगळं सांगितलं, तिचा घसा बसला होता. मी त्रिशूळ खाली ठेवायला वाकले तर बाबांचे डोळे सताड उघडे.

"झोप येत नाहीये गं," ते पुटपुटले.

"डोळे मिटा. बघतायत."

त्यांनी मिटले. घोरायला लागले, खोटं, भलतंच मोठं, मागच्या खुर्च्यांपर्यंत जाईल असं. घोट्यावरची पकड मात्र जागी होती. लोकांनी हात जोडले. मी आठही हात वर धरून उभी राहिले, पडदा पडेपर्यंत, आणि बाहेर पुढच्या खेळाची रांग लागली होती.