रंगाखालची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी लेथ मशीन आहे. जुनी म्हणा, माझी काही हरकत नाही. कंडम मात्र म्हणू नका. तो शब्द मी एकदा ऐकून घेतला आहे आणि तेवढा मला पुरे झाला.

भिलाईतल्या एका सरकारी तांत्रिक शाळेच्या कार्यशाळेत, खिडकीजवळ माझी जागा आहे. लोखंडाचा गज मी गरगर फिरवते आणि माझ्यावर बसवलेलं हत्यार त्याची साल काढून त्याला हवा तसा गोल करतं. कुंभार मातीचं जे करतो, तेच मी लोखंडाचं करते. फक्त मला पाणी चालत नाही, तेल लागतं, आणि ते वेळेवर लागतं.

माझा जन्म बंगळूरचा. मालगाडीने मी दुर्गला उतरले आणि तिथून भिलाईच्या पोलाद प्लांटच्या मशीन शॉपमध्ये आले. तिथे माझ्या वाट्याला आले दौलतराव. तुमसरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, नोकरीसाठी इकडे आलेला. आजूबाजूला सगळे हिंदी बोलत, हे मात्र माझ्याशी मराठीत बोलत. आज तुमच्याशी मी ज्या भाषेत बोलते आहे, ती त्यांच्याकडूनच शिकले. सकाळी स्वतः चहा प्यायच्या आधी ते मला तेल पाजत आणि म्हणत, "चाल माय, आज गरम नोको होऊ." एकदा त्यांच्या हातून एक जड नग निसटला आणि माझ्या पाठीवर, म्हणजे ज्याला बेड म्हणतात त्यावर, खोक पडली. मला फारसं लागलं नव्हतं. दौलतरावांना मात्र लागलं. आठ दिवस ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

पुढे ते निवृत्त झाले, शॉपमध्ये संगणकावर चालणाऱ्या मशिनी आल्या आणि मला ट्रकमध्ये घालून शाळेत पाठवलं. मी आधी जरा नाक मुरडलं. पोरांचे हात म्हणजे पोरांचे हात. कोणी हत्यार उलटं बांधायचं, कोणी चावी चकमध्येच, म्हणजे गज पकडणाऱ्या जबड्यातच, विसरायचं. पण कार्यशाळेच्या शिक्षिका निशा मॅडम शिस्तीच्या होत्या. त्यांच्या हाताखाली दहा-बारा वर्षं मी किती मुलांना लोखंडाची साल काढायला शिकवलं, याची मोजदाद नाही. शाळेत टर्नरचा, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराचा, वर्ग चालला तो माझ्या जिवावर. बढाई नाही मारत, शाळेत लेथ होती ती एकच.

आता माझ्यावर आलेलं संकट सांगते. माझ्या उजव्या टोकाला टेलस्टॉक असतो. फिरणाऱ्या गजाचं दुसरं टोक तो धरून ठेवतो. तो अगदी मधोमध असला तर गज सरळ कापला जातो, आणि मुद्दाम थोडा बाजूला सरकवला तर गज निमुळता होतो. मधोमध कुठे, हे कळायला त्याच्यावर एक बारीक रेघ आणि त्याच्या बैठकीवर दुसरी कोरलेली असते, दोन्ही जुळल्या की मधोमध. एका सप्टेंबरात निशा मॅडमनी मुलांना निमुळतं काम शिकवायला तो सरकवला. त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, कारण त्यांचं बाळ ठरल्या तारखेआधीच यायला निघालं होतं. टेलस्टॉक परत आणायचा राहून गेला.

त्यात दोन दिवसांवर विश्वकर्मा पूजा. आमच्या भिलाईत हा मशिनींचा सण. त्या दिवशी आम्हाला काम नसतं, आदल्या दिवशी आंघोळ घालतात, नवा रंग देतात, झेंडूचे हार घालतात. मुलांनी मला प्रेमाने नखशिखांत हिरवी केली. इतक्या प्रेमाने, की त्या रेघासुद्धा रंगवून टाकल्या.

पूजेनंतर मी जो गज कापायचे त्याचं एक टोक जाड, दुसरं बारीक. मॅडमच्या जागी आलेले सर वायरिंगचे. त्यांनी माझं वय पाहिलं, पाठीवरची खोक पाहिली आणि वर पाठवायच्या कागदावर लिहिलं, बेड झिजला आहे, मशीन कंडम. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच. मी मनात ओरडत होते की पाठ धड आहे, जरा उजवीकडे बघा. पण मशीनचं ऐकतो कोण? मोटरची तार काढली, अंगावर ताडपत्री टाकली आणि माझ्या नव्या हिरव्या रंगावर पांढरी फुली मारली.

सहा महिन्यांनी मॅडम परत आल्या तेव्हा वरून उत्तरही आलं होतं. लेथ भंगारात द्यावी, टर्नरचा वर्ग बंद करावा, मुलांना डेटा एंट्रीच्या वर्गात घालावं. माझ्या वयाकडे बघून मॅडमनीही ते खरं मानलं. ताडपत्रीवरून हात फिरवून त्या निघून गेल्या. तेव्हा मला फार एकटं वाटलं, हे कबूल करते.

संमतीच्या सह्या घ्यायला पालकांना बोलावलं होतं. वर्गात अकरा मुलगे आणि एक मुलगी, रेणू. पालकांची सभा कार्यशाळेतच भरली. एकेकाने सही केली. रेणूबरोबर तिचे आजोबा आले होते, काठी टेकत. आवाज ऐकला आणि ताडपत्रीखाली माझ्या अंगावर काटा आला. दौलतराव होते ते.

"आबाजी, तुमी सही नोका करू," रेणू म्हणत होती. "मले टर्नरच व्हायचं आहे. डेटा एंट्री नाही करायची, बस."

"थांब ना. पहिले मशीन तं पाहू दे." त्यांनी ताडपत्री बाजूला करायला लावली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. खोकेवर बोट थांबलं. त्यांनी ती खोक पुन्हा एकदा चाचपली. मग हळूच म्हणाले, "तुले इथं आणून टाकलं होय माय."

मग मॅडमकडे वळले. "बाई, कावून कंडम केली हिले?"

"निमुळतं कापते काकाजी. बेड झिजला म्हणून लिहून आलं आहे."

"बेड झिजला तं हाताले कळते. मले कळून नाही राहिलं." ते नातीला म्हणाले, "रेणू, टेलस्टॉक पुढं आण. दोन्ही सेंटर नाकाले नाक लावून पाह्य. माह्या डोयात मोतीबिंदू आहे, तूच पाह्य."

रेणूने टेलस्टॉक ढकलत आणला. माझी दोन टोकदार सेंटरं समोरासमोर आली. ती वाकली, एक डोळा मिटला.

"आबाजी, नाही भिडत. बाजूला आहे."

"किती?"

"तांदळाच्या दाण्याएवढं."

"मंग रेघ पाह्य."

"रेघच नाही. नुसता रंग आहे."

दौलतराव हसले. रेणूने चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि घासायला लागली. हिरवा रंग सुटला आणि रेघ दिसली. बैठकीवरच्या दुसऱ्या रेघेपासून तांदळाच्या दाण्याएवढी दूर.

निशा मॅडमनी कपाळावर हात मारला. "मीच सरकवला होता. त्या दिवशी मीच निमुळतं शिकवलं, अन् तशीच गेली दवाखान्यात. सहा महिने झाले, माझ्या ध्यानातच नाही आलं, काकाजी." त्यांचे डोळे भरून आले होते.

"लेकरू बरं आहे ना?" दौलतरावांनी विचारलं.

"हो."

"मंग झालं तं. रेघीवर रेघ आणा अन् तार जोडा."

मोटर सुरू झाली. सहा महिन्यांनी फिरताना मी थोडी कुरकुरले, पण कापलं ते मन लावून. रेणूने जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला. डावीकडे पंचवीस मिलिमीटर. उजवीकडे पंचवीस. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. सगळे पालक उठून बघायला आले. तुम्ही म्हणता जीव भांड्यात पडला, माझा तेलाच्या ट्रेमध्ये पडला.

दौलतरावांनी सही न केलेला कागद मॅडमच्या हातात दिला. मग बाकीच्यांनीही आपापले कागद परत मागितले. मॅडमनी त्याच दुपारी वर पत्र लिहिलं आणि चूक आपली आहे असं स्वच्छ लिहिलं. उत्तर यायला दीड महिना लागला. तोवर मी रोज धास्तावलेली असे. पण उत्तर आलं आणि वर्ग राहिला.

मित्रांनो, यंदाही विश्वकर्मा पूजेआधी मला नवा रंग लागला आणि त्याखाली ती पांढरी फुली एकदाची गेली. तुम्हीही तुमच्या मशिनींना रंग द्या, हार घाला, आम्हाला ते आवडतं. पण आमच्यावरच्या रेघा झाकू नका. आणि कोणाचं काम वाकडं निघायला लागलं, तर त्याच्या वयाकडे बोट दाखवायच्या आधी जवळ येऊन, वाकून, एकदा नीट बघा.

या वर्षी मुलांनी ब्रश हातात घेतले तेव्हा रेणूने सगळ्यांना थांबवलं. खिशातून चिकटपट्टीचा तुकडा काढला, माझ्या रेघेवर लावला, अंगठ्याने नीट दाबला आणि मग म्हणाली, "हां, आता लगाओ रंग."